डॉक्टरीणबाईंची गार गाडी

ऊन लागलेला माणूस दवाखान्यात आणला, की बरोबरचे लोक आधी त्याचं नाव-गाव सांगू लागत. डॉक्टरीणबाई त्यांना हातानेच गप्प करत. "आधी थंडा करा, मंग नाव पुसा," म्हणत त्या स्वतःच बादलीत चादर बुचकळत. मंगरूळपीरला त्यांच्या दवाखान्यात मी नर्स होते. दुष्काळाची वर्षं होती आणि खडी फोडायच्या कामावर माणसं उन्हानं कोसळत होती.

बाईंकडे एक जुनी परदेशी गाडी होती. कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेटजीची ही गाडी त्यांनी घेतली ती केवळ तिच्यात एसी होता म्हणून. रोग्याला आणताना तिची मागची सीट म्हणजे आमची थंड खोली. एका उन्हाळ्यात एसी गरम हवा फेकू लागला. अकोल्याच्या युसूफ मिस्त्रीनं गळती बुजवली आणि म्हणाला, "बाई, याचा असली गॅस मुंबईहून मागवा लागते. कधी येईन, सांगता येत नाही. सैपाकाचा गॅस भरला तरी थंड होते. पण गळला त पेट घेते. मी सांगून राह्यलो, मंग बोलू नका."

"लोकं मरून राह्यले, युसूफ. उनाळा थांबते काय? भर."

गाडी खरंच गार झाली. काही दिवस छान गेले.

मग शेलूबाजारजवळच्या कामावरून शेवंता नावाच्या बाईला आणायला गेलो. अंग तव्यासारखं, शुद्ध नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाई गाडी चालवत होत्या, शेजारी तिचा नवरा किसन. काचा बंद. अर्ध्या वाटेत मला उग्र वास आला. मी "बाई..." म्हणेपर्यंत किसननं घाबऱ्या हातांनी बिडी ओठांत धरली आणि काडेपेटी उघडली.

बाईंनी झडप घालून काडेपेटी हिसकावली. गाडी थांबवून चावी फिरवून बंद केली. "उतरा! दारं उघडी टाका! काहीच पेटवू नका!"

बाहेर टळटळीत दुपार. गाडीत ठेवावं तर तो वास, बाहेर काढावं तर ऊन. शेतात एक बाभूळ दिसली. तिघांनी शेवंताला उचलून तिच्या विरळ सावलीत नेलं. गाडीतल्या कळशीचं सगळं पाणी तिच्या लुगड्यावर ओतलं. बाई पदरानं वारा घालत होत्या आणि एकसारख्या म्हणत होत्या, "डोये उघड माय, डोये उघड." खूप वेळानं तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

तेव्हा कुठे बाई खाली बसल्या. किसनला म्हणाल्या, "तुही बायको आज माह्या हातानं गेली असती. तो गॅस मी भराले लावला. मले धोका माहीत होता."

किसन शेवंताच्या उशाशी बसला. "मले काहून सांगता बाई? मले काय समजलं असतं?"

"तुले समजलं नसतं, म्हनूनच सांगून राह्यली."

वास पार गेल्यावर एसी बंद आणि काचा उघड्या ठेवून शेवंताला दवाखान्यात आणलं. दुसऱ्याच दिवशी बाईंनी युसूफकडून तो गॅस उघड्या मैदानात काढवून टाकला. उरलेला उन्हाळा काचा उघड्या ठेवून, ओल्या चादरी आणि बर्फावर काढला.

मुंबईहून असली गॅस आला तेव्हा आभाळ भरून येऊ लागलं होतं. गॅस भरून झाल्यावर, कुणा रोग्याला आत घ्यायच्या आधी, बाई एकट्याच गाडीत बसल्या. काचा लावल्या, एसी सुरू केला, आणि संध्याकाळपर्यंत कुठे वास येतो का, ते बघत तशाच बसून राहिल्या. मी काचेवर टकटक केली, तर त्यांनी हातानंच मला दूर व्हायला सांगितलं.