सुपरचार्जर आणि लाह्यांचा आवाज

"दाबा मिस्त्री, अजून दाबा," शेठ म्हणाले. हिंगणीच्या पुढे, बोर धरणाकडचा चढ. मागे संत्र्यांनी भरलेली ट्रॉली. जीप मी चालवत होतो.

ही एकोणऐंशी-ऐंशीची गोष्ट. माझं गॅरेज सेलूला. शेठची बाग जंगलाला लागून. चढावर ट्रॉली ओढताना जीपचा दम निघायचा. म्हणून त्यांनी मुंबईहून जुना सुपरचार्जर आणला. सुपरचार्जर म्हणजे पट्ट्यावर फिरणारा पंप. इंजिन आपणहून जेवढी हवा घेतं, त्याहून जास्त हा आत कोंबतो. हवेच्या हिशोबानं पेट्रोल वाढवलं की ताकद वाढते. उष्णताही वाढते.

खरी मेख टायमिंगची. प्लगची ठिणगी जरा उशिरा पडायला हवी. लवकर पडली की इंजिन आतून टकटकतं. तसंच दामटलं तर पिस्टनला भोक. ती टकटक ओळखायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. कान हेच यंत्र.

आणि माझा कान गेला होता. सायलेन्सर काढलेल्या इंजिनांशेजारी वीस वर्षं काढली होती. दिवाळीपासून रातकिडे ऐकू येईनात. बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. कानानं ट्यूनिंग करणारा मिस्त्री बहिरा, हे कळलं तर गॅरेजला कुलूपच. शेठच्या जीपचं टायमिंग मी सवयीनंच लावलं.

चढावर मी नुसता कान ताणत होतो. जीप जोरात ओढत होती. शेठ खूश. मला भीती वाटत होती.

मागच्या सीटवर शेठची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बसल्या होत्या. त्या पुढे वाकल्या. "भाऊ, लाह्या फुटल्यावानी आवाज येऊन राह्यला. तुम्हाले ऐकू नाई येत का?"

मी तिथंच इंजिन बंद केलं.

"काऊन थांबले जी?" शेठ म्हणाले.

मी उतरून बॉनेट उघडलं. प्लग काढले. त्यांच्या टोकाच्या पांढऱ्या चिनी मातीवर चांदीसारखे बारीक ठिपके होते. म्हणजे पिस्टन वितळायला लागला होता. अजून मैलभर गेलो असतो तर संपलं होतं.

"शेठ, मले बारीक आवाज ऐकू येत नाई," मी सांगितलं. लाजेनं मान वर होईना.

"तं मंग टायमिंग कशावर लावलं?"

"सवयीवर."

शेठ लालबुंद झाले. वहिनी म्हणाल्या, "आता चिडून काय होते? भाऊ, सुधरवा. मी आयकतो."

ठिणगी उशिरा पडावी म्हणून डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. पेट्रोल जास्त यावं म्हणून कार्ब्युरेटरमध्ये मोठ्या भोकाचा जेट घातला. वहिनी पुढे बसल्या.

"आता?"

"हाये, पण कमी."

पुन्हा केसभर. पुन्हा चढ.

"आता?"

"आता नाई, भाऊ."

प्लग पाहिले. नवा ठिपका नव्हता. मी रस्त्याच्या कडेला बसून पोटभर पाणी प्यायलो.

ती जीप पुढं कितीतरी हंगाम संत्री ओढत राहिली. शेठनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. वहिनींनी सगळ्या सेलूला सांगितली. आता गिऱ्हाईक तुटणार म्हणून मी आठवडाभर धसका घेऊन बसलो. गिऱ्हाईक तुटलं नाही. फक्त ट्रायलला येताना जो तो बायकोला घेऊन येऊ लागला.

हत्यार बोथट झालं की बदलायचं, हे मी दुसऱ्यांना शिकवत असे. कानही हत्यारच, हे वहिनींनी शिकवलं.