तुमचा तुम्हाला वेगळा

“हलगी बडवून बडवून बसलेला हात हाय तुमचा. पियानो सोसंल व्हय?”

असं साहेब म्हणाले. त्यांच्या दिवाणखान्यात, सोफ्यावर बसलेल्या दोन पाहुण्यांसमोर. मी उभी. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. पियानोच्या मधल्या पट्ट्या दाबल्या की वर यायच्या बंद झाल्या होत्या. त्याचा जाब विचारायला मला फोन करून बोलावलं होतं. पाहुण्यांतल्या एकानं विचारलं, “ह्या बाई हलगी बी वाजवत्यात?” साहेब म्हणाले, “ह्या न्हाई वो. खानदान.” मग तिघंही हसले.

माझ्या घरात हलगी कुणीच वाजवली नाही. वाजवली असती तर मान ताठ ठेवून सांगितलं असतं. माझे आबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पण साहेबांच्या लेखी आमच्या हातात आलेलं प्रत्येक वाद्य हलगीच.

मी पियानो आणि गाणं शिकवते. तेव्हा कोल्हापुरात घरोघरी जाऊन शिकवायची. पहिलीतल्या पोरापासून निवृत्त बँक मॅनेजरपर्यंत, ज्याला हौस त्याला. मी स्वतः शिकले मिशनच्या आवारातल्या चर्चमध्ये, एका म्हाताऱ्या बाईंकडे. त्यांनी माझं आडनाव कधी विचारलं नाही. बोटं वाकडी पडली की मात्र फूटपट्टीनं मारायच्या.

ताराबाई पार्कातल्या या बंगल्यात आधी माझं स्वागत जोरात झालं. पियानो पुण्याहून आणलेला. साहेबांच्या आजोबांनी कुस्तीत मिळवलेल्या चांदीच्या गदेशेजारी ठेवलेला. गदा उचलणारा त्या घरात कुणी उरला नव्हता आणि पियानो वाजवणारा अजून तयार व्हायचा होता. तोवर दोन्ही वस्तू पाहुण्यांना दाखवायच्या.

पहिल्या दिवशी चहा फुलाफुलांच्या कपातून आला. वहिनीसाहेबांनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, गोड आवाजात विचारलं, “गाव कुठलं म्हणायचं तुमचं?” म्हटलं, कसबा बावडा. “बावड्यात कुठं?” गल्ली सांगितली. “वडील काय करत्यात?” तेही सांगितलं. मला लाज कसली? दुसऱ्या दिवसापासून चहा स्टीलच्या पेल्यातून यायला लागला. मग पियानोच्या स्टुलावर एक जुनी चादर आली. मी बसायच्या आधी अंथरायची, मी उठले की दोन बोटांत धरून न्यायची. “मखमल खराब होतीया, म्हणून,” वहिनीसाहेब म्हणाल्या. त्यांची मुलगी त्याच स्टुलावर बसायची. तेव्हा मखमल खराब होत नसे.

मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. सगळं कळत होतं. पण त्यांची मुलगी सई. नऊ वर्षांची पोर. एकदा ऐकलेली ओळ तशीच्या तशी वाजवायची, आणि चुकली तर मी बोलायच्या आधी स्वतःच म्हणायची, “थांबा मिस, परत वाजवतो की.” असा कान असलेलं पोर मला आजवर दुसरं मिळालेलं नाही. तिची पियानोची परीक्षा तोंडावर आली होती. तेवढी पार पडेपर्यंत गिळायचं असं मी ठरवलं होतं.

वहिनीसाहेबांनाही गाणं शिकायचं होतं. भिशीच्या बायकांपुढं म्हणायला. गळा शिकवताना हात लावावा लागतो. श्वास पोटात उतरतोय की खांद्यातच अडकतोय, हे पाठीवर हात ठेवल्याशिवाय नीट समजत नाही. मी हात पुढे केला तशा त्या मागे सरकल्या. “लांबनंच सांगा की.” मग मी लांबूनच सांगत राहिले. त्या खांदे उडवून श्वास घ्यायच्या आणि आवाज नाकाच्या बाहेर काही यायचा नाही. भिशीत टाळ्या मात्र पडायच्या. त्या बायका कशालाही टाळ्या वाजवतात.

तर आता पियानो बिघडला होता आणि माझा हात जड ठरला होता.

मी सरळ पियानोपाशी गेले. झाकण उघडलं, पुढची फळी काढली. आणि वास आला. गोठ्याचा. दिवाणखान्यात तो वास मला आधीही यायचा, पण देवघर शेजारीच आहे, तिथला असेल असं वाटायचं. आता तो पियानोच्या पोटातून येत होता. पट्ट्यांची लाकडं फुगून एकमेकांत घट्ट बसली होती. खालच्या धातूच्या खिळ्यांवर हिरवट थर चढला होता.

“यात गोमूत्र कुणी ओतलं?” मी विचारलं.

पाहुण्यांचं हसू थांबलं. साहेबांनी वहिनीसाहेबांकडे बघितलं. मला वाटलं, आता बाई नाही म्हणतील. पकडलेला माणूस निदान खोटं तरी बोलतो. पण वहिनीसाहेब उलट माझ्यावरच चिडल्या.

“ओतलं कुठं? तुम्ही गेल्यावर चमचाभर शिंपडतो आम्ही. चमचाभरानं कुठं लाकूड फुगतंय?”

चमचाभर! बाईंना माप खटकलं होतं.

आणि साहेब खवळले. मनापासून खवळले. बायकोवर.

“अवो, पियानोवर कशाला? स्टुलावर शिंपडायचं! एवढी महागाची वस्तू!”

हे साहेब इंजिनीअर. परदेशात शिकून आलेले. वहिनीसाहेब विज्ञानाच्या पदवीधर. दोघांच्या अकलेनं एक चांगला पियानो गोमूत्र पाजून मारला, आणि आळ माझ्या जातीवर. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. किळस आली.

सई जिन्यात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, “मिस, मम्मी माझ्या बोटांवर पण शिंपडती. तुम्ही गेल्यावर. लई वास येतो.”

ज्या बोटांसाठी मी हा सगळा उकिरडा सोसत होते, ती बोटं. मी त्यांना वळण लावायचं आणि मी फाटकाबाहेर पडले की यांनी ती शुद्ध करून घ्यायची. पोरीला माझ्याकडून सूर मिळत होता आणि आईकडून हा धडा. दोन्ही एकाच तासाला. आणि आईचा धडा पक्का व्हावा म्हणून मीच दर खेपेला तिथं जात होते. हे डोक्यात आलं आणि माझं परीक्षेपर्यंतचं गणित तिथल्या तिथं संपलं.

साहेबांना बहुतेक पाहुण्यांची लाज वाटली. आवाज मऊ करून म्हणाले, “हे बघा मॅडम, मनावर घेऊ नका. घरात जुनी पद्धत हाय. पियानो दुरुस्त करून घेतो. तुमच्यासाठी एक कीबोर्ड आणून ठेवतो. तुम्ही त्याच्यावर दाखवायचं, पोरगी पियानोवर वाजवंल. तुमचा तुम्हाला वेगळा. मग काय प्रश्नच न्हाई.”

काय तो चेहऱ्यावरचा आनंद! जणू मला जमीन दान केली.

“न्हाई,” मी म्हटलं.

“काय न्हाई?”

“मी येणार न्हाई. वेगळ्यावर न्हाई, ह्याच्यावर बी न्हाई.”

“आणि सईची परीक्षा?” वहिनीसाहेब ओरडल्या. परीक्षेची तयारी करून घ्यायला बाई चालत होती. फक्त बाईचा हात चालत नव्हता. मी फळी पियानोला टेकवून ठेवली आणि पुढच्या दारानं बाहेर पडले.

घरी आबांना सांगितलं. ते म्हणाले, “वेगळा तर वेगळा. वाजवायला मिळतंय न्हवं? आमी न्हाई व्हय जलमभर मांडवाभायेर वाजवलं?”

खरं आहे. लाल कोट घालून त्यांनी कितीतरी नवरदेव मांडवात पोचवले, आणि स्वतः दारातून मागे फिरले. सगळ्यांची पंगत उठल्यावर मागच्या बाजूला जेवले. मला त्यांची कीव कधीच आली नव्हती. त्या दिवशी राग आला.

“आबा, तुमी भायेर हुबं ऱ्हायलासा, म्हणून त्यास्नी वाटतंय मी बी ऱ्हाईन.”

मला बोलल्याचा पस्तावा नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांचा ड्रायव्हर आमच्या दारात आला. “कीबोर्ड आणलाय, चला म्हणत्यात.” मी सांगितलं, “सईला हिकडं पाठवा. माझ्याजवळ, एकाच बाकावर बसंल. घरी गेल्यावर तिच्या बोटांना कुणी काही लावायचं न्हाई. जमत असंल तर शिकवतो.”

सई आली नाही. परीक्षा होऊन गेली. पोरीचा कान वाया जाणार हे मला दिसतंय आणि त्याचं मनापासून वाईट वाटतं. पण तिच्यासाठीसुद्धा मी त्या पायऱ्या पुन्हा चढणार नाही.

आता मी कुणाच्याच घरी जात नाही. बावड्यात आमच्या पुढच्या खोलीत शिकवते. फोन आला की आधी मीच सांगते, आम्ही मातंग, चालत असेल तर या. बरेच जण आवाज न करता फोन ठेवतात. ठेवू देत. ज्याला माझी विद्या हवी आणि मी नको, त्याला यातला एक सूरसुद्धा मी देणार नाही.