घासलेली कढई

धाकटीला संशय आला तो कढईवरून. सकाळी भाजी करपली, कढई तळाशी खरखरीत लागत होती. घाईत तशीच टाकून ती बाहेर पडली. संध्याकाळी बोटं फिरवली, तर कढई गुळगुळीत!

शाळेत असतानाच तिची नजर मंदावत गेली, तशी घरच्यांनी तिला तळहातावरच्या फोडासारखी जपली. ताईनं तर वेणी घालण्यापासून ताट वाढण्यापर्यंत सगळं अंगावर घेतलं. शेवटी भांडून-तंडून धाकटी अंधांच्या प्रशिक्षण केंद्रात गेली. पांढरी काठी, गॅस, ऑफिसातला फोन, सगळं शिकली. आता शेवटची परीक्षा: सायकलच्या दुकानावरच्या खोलीत एकटीनं राहायचं. जमलं, तर फोनवरच्या नोकरीसाठी केंद्र शिफारस करणार होतं.

मग तिला एकेक आठवू लागलं. ओटा कधी चिकट लागत नव्हता. सांडलेली साखर जायची कुठे? जास्तीची किल्ली खाली दुकानदाराकडे असायची, पण त्याला कशाला भांड्यांचा पुळका? नक्की केंद्रात शिकवणाऱ्या बाईच. मला पास करून स्वतःची पाठ थोपटून घेत असणार!

तिनं तोंडावरच विचारलं. बाई उखडल्या. "माझ्या घरची भांडी तशीच पडलीत, ती सोडून तुझी घासायला जिना चढू?"

धाकटीला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी केंद्राला दांडी मारून ती कपाटाआड श्वास रोखून बसली. उन्हं चढल्यावर दाराच्या लॅचमध्ये किल्ली फिरली. चपला निघाल्या. नळ सुटला.

"कोण आहे?"

भांडं दाणकन पडलं. "अगं, मी... मीच."

ताई! दुकानदाराला गोड बोलून ती रोज किल्ली घेत होती.

"कशासाठी गं?"

"तू भाजशील, पडशील... आणि खरं सांगू? तू गेल्यापासून माझा दिवस सरत नाही."

"आणि मला वाटत होतं, हे सगळं मला जमतंय."

ताईनं नळ बंद केला. किल्ली ओट्यावर ठेवून गेली, ती बरेच दिवस फुगून बसली.

धाकटीनं बाईंची माफी मागितली आणि खोलीत राहायची मुदत वाढवून घेतली. दूध उतू गेलं, मुंग्या लागल्या, एकदा बोट चांगलंच भाजलं. तरी बाईंनी शिफारस केली, नोकरी लागली.

ताई आता बेल वाजवून येते, पाहुणीसारखी खुर्चीवर बसते. पण धाकटीचा अजून तिच्यावर भरवसा नाही. चहा ठेवला, की ती ताईला सारखं काहीबाही विचारत राहते. आवाज खुर्चीवरूनच येतोय ना, याची खात्री करून घेते.