हळू बोलण्याची शिकवणी

आमच्या शेजाऱ्यांइतका मोठ्याने बोलणारा माणूस देवाने दुसरा केलेला नाही. केला असता तर तो पृथ्वीच्या कुठल्याही कोपऱ्यात असो, आम्हाला इथे वालावलच्या खाडीकाठी बसून ऐकू आला असता. सगळी वाडी त्यांना आबा म्हणते. मी कुडाळच्या शाळेत आयुष्यभर मुलांना "हळू बोला, हळू बोला" म्हणत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर तरी कानांना विसावा मिळेल म्हणून या वाडीत घर बांधलं. जागा बघायला आलो तेव्हा इथे इतकी शांतता होती की पाण्यात मासा उडाल्याचा आवाज यायचा. आबा त्या वेळी चार दिवसांसाठी मुंबईला लग्नाला गेले होते. जागा विकणाऱ्याने तो मुहूर्त मुद्दाम साधला होता, हे मला वास्तुशांतीच्या दिवशी कळलं.

आबांचा आवाज रागाचा नव्हे, तो त्यांचा साधा घरगुती आवाज. "आज हवा बरी आसा" हे ते ज्या पट्टीत सांगत, त्या पट्टीत इतर माणसं गवताच्या गंजीला आग लागल्याचं सांगतात. पलीकडच्या काठावरच्या होडीवाल्याला बोलवायला लोक टॉवेल हलवतात, शिट्ट्या मारतात. आबा नुसते "होडी खंय गेली?" असं स्वतःशी पुटपुटले की होडी निघालीच. त्यांच्याकडे मोबाइल होता, पण कुडाळपर्यंतच्या माणसाशी बोलताना तो केवळ शोभेला. त्यांची साखर वाढल्याची बातमी वाडीला डॉक्टरांच्या बरोबरीने कळे. एकदा ते मला एक गुपित सांगायला आले. आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग माझ्या बायकोला मागच्या पडवीत पाठवलं आणि मग गुपित सांगितलं. ते ज्याच्याबद्दल होतं तो गृहस्थ दहाच मिनिटांत "आबानू, ता तसा नाय हां," म्हणत खुलासा करायला दारात हजर झाला. आबांना याचं मोठं नवल वाटलं. "मास्तरानू, ह्या वाडीत भिंतीक कान आसत," असं ते मला म्हणाले, आणि तेही सगळ्या वाडीने ऐकलं.

पण या आवाजाला गावात मान होता, आणि तो थेट देवळातला. आमच्याकडे कुणाचं काही अडलं, कुणाला कुठे जायचं असलं, की ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाला मागणं सांगायचं आणि जमलेल्यांनी वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. चार माणसांचा होकार पडल्याशिवाय मागणं देवापर्यंत पोचत नाही, अशी गावाची समजूत. हे गाऱ्हाणं घालण्याचा मान आबांच्या घराण्याकडे, आणि आबा ते घालत म्हणजे देवाला सुटकाच नसे. देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून माणसाचा पत्ता ते पिनकोडसकट सांगत. माझ्या जावयाच्या बदलीचं गाऱ्हाणं त्यांनीच घातलं होतं. "बा देवा म्हाराजा, ह्येची बदली कणकवलेक होवंदे! कुडाळाक नको म्हाराजा, थंयसून सासऱ्याचा घर बराच जवळ पडता!" सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला. सासरा म्हणजे मी. मीही म्हणालो, ओघात म्हटलं जातं.

दोन वर्षांपूर्वी आबांची बायको गेली. मुलगा एकुलता एक, आखातात तेलाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, राहायला कंपनीच्या कंपाउंडात. कंपाउंड म्हणजे उंच भिंतीच्या आत वसवलेलं परदेशी नोकरदारांचं गाव. बाप इकडे एकटा, वेळीअवेळी जेवतो, या काळजीने तिकडे पोराच्या डोळ्याला डोळा लागेना. शेवटी त्याने खटपट करून बापाला तिकडे न्यायचे कागद केले. आबांनी ती बातमी फोनवर ऐकली आणि वाडीने आबांकडून. पाठोपाठ कंपाउंडाची नियमावली आली, चांगली अकरा पानांची. ती मी त्यांना वाचून दाखवली. पोहण्याच्या तलावात कपडे धुऊ नयेत, हे त्यांना पटलं. गाडी अमुक वेगापुढे नेऊ नये, हेही पटलं. त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती. मग आला आवाजाचा नियम. मुलाने त्याखाली स्वतः लिहिलं होतं की शेजारच्या घरातला साहेब रात्रपाळी करून दिवसा झोपतो, आणि तीन तक्रारी गेल्या तर कंपनी घर काढून घेते. आबांनी ती अकरा पानं घडी करून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पडवीत येऊन म्हणाले, "मास्तरानू, माझ्या घशापायी झिलाचा घर जावक नये. माका हळू बोलूक शिकवा." मुलाच्या घरासाठीची ही विनंती खाडीपलीकडेही ऐकू गेली असावी, कारण तिकडून कुणीतरी हसल्यासारखं वाटलं.

आबांची तयारी म्हणजे अर्धीमुर्धी नव्हे. त्यांनी आधी आपल्या घराचंच कंपाउंड केलं. अंगणात चुन्याच्या रेघा ओढल्या, माडाच्या खोडावर "व्हिला नंबर चौदा" अशी पाटी ठोकली, आणि बेड्यापाशी, म्हणजे आमच्याकडच्या आडव्या बांबूंच्या फाटकापाशी, दोरीने वही बांधली. येणाऱ्याने तीत नाव, वेळ आणि भेटीचं कारण लिहायचं. मी कारणाच्या रकान्यात "सहज" असं लिहिलं, तर मला आत घेईनात. "कंपाउंडात सहज चलणा नाय, मास्तरानू. कायतरी काम दाखवा." मी "चहा" लिहिलं तेव्हा बांबू सरकला.

सामानाची बॅग ते रोज काजू तोलायच्या काट्यावर चढवत. उकडे तांदूळ, कोकमं आणि सात पुडक्यांत गुंडाळलेले सुके बांगडे एवढ्यातच विमानात चालणारं वजन भरे; मग बांगडे राहत आणि सदरे बाहेर निघत. त्यात वर्षभराचा मालवणी मसाला होता, कुडाळच्या गिरणीत समोर उभं राहून दळून आणलेला. आमच्या पलीकडच्या घरात एक ख्रिस्ती बाई राहतात, सगळी वाडी त्यांना बाय म्हणते. त्यांचे यजमान बरीच वर्षं आखातात होते. मसाल्याचा वास घेऊनच बायने विचारलं, "आबा, हेच्यात खसखस आसा मा?" खसखस होतीच, खसखशीशिवाय मसाला म्हणजे आबांच्या मते नुसती लाल माती. "मगे तुमका येरपोर्टारच धरतले. थंय खसखस म्हणजे अफू." आबा तसेच तरातरा अंगणात आले आणि आकाशाकडे हात करून ओरडले, "अरे देवा, माझ्या मसाल्यात अफू आसा रे!" संध्याकाळच्या आत पोलीस पाटील चौकशीला येऊन गेले. जाताना पुराव्यादाखल वाटीभर मसाला घेऊन गेले, तो त्यांनी कोंबडीला वापरल्याचं नंतर कळलं. उरलेला वाडीत वाटला गेला. आम्ही तो महिनाभर खाल्ला. कुणालाही नशा चढली नाही, भूक मात्र वाढली.

शिकवणीचं सांगायचं तर ती माझ्या नोकरीतली सर्वांत अवघड ठरली, आणि तीही निवृत्तीनंतरची. मी पडवीत आबांसमोर बसे, माझी बायको स्वयंपाकघरात. आबांनी एक वाक्य बोलायचं आणि ते आत ऐकू गेलं तर आबा नापास. पहिल्या दिवशी आबा कुजबुजले, "आज आमटी कसली?" आत माझ्या बायकोने उत्तर दिलं, "कुळथाची," आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने "आमच्याकडे वालाची," अशी भर घातली. मग मी त्यांना तोंडात सुपारी धरून बोलायला लावलं. त्यांनी सुपारी गिळली. मग पोटावर हात ठेवून श्वास अडवायला शिकवलं. अडवलेला श्वास सुटला की वाक्य दुप्पट जोराने बाहेर पडे आणि गोठ्यातली गाय दावं ओढी. मी कंटाळलो, आबा कंटाळले नाहीत. नापास झाले की स्वतःच अंगठे धरून उभे राहत. सत्तरीचा माणूस अंगठे धरून माझ्या पडवीत उभा आहे, हे पाहून मला हसू यायचं आणि पुढच्याच क्षणी हसल्याची लाज वाटायची.

आणि एक दिवस आबा पास झाले. ते काहीतरी बोलले आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही. मी बायकोला हाक मारून दोनदा खात्री केली. मला कोण अभिमान वाटला! आयुष्यभराच्या मास्तरकीचं चीज झालं असं मी चारचौघांत सांगत सुटलो. त्यानंतर आबा सगळीकडेच हळू बोलू लागले. होडीवाला त्यांना काठावर ठेवूनच दोनदा निघून गेला. बाजारात त्यांनी बांगडे मागितले आणि हाती तारले आले. वाडीत कुणाचं काय चाललंय ते आम्हाला समजेनासं झालं, कारण ते आम्हाला आबांकडूनच समजायचं. लोक मला वाटेत गाठून विचारू लागले, "मास्तरानू, आबांची तब्येत बरी आसा मा?" मी ऐटीत सांगे, "तब्येत उत्तम आहे. शिक्षण झालंय."

एकदा बाय अंडी द्यायला आबांकडे गेल्या आणि धावतच माझ्याकडे आल्या. आबा दोन दिवस तापाने फणफणून अंथरुणात पडलेले होते, उशाशी पाण्याचा थेंब नव्हता. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक कुंपण आणि एक जास्वंद, आणि मला पत्ता नाही! पूर्वी त्यांना नुसती शिंक आली तरी आम्ही काढा उकळायला ठेवायचो. मी घाबरून त्यांच्यावरच चिडलो. "आबा, हाक नाही का मारायची?" ते डोळे उघडून माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "मारलंय मा, मास्तरानू! तुम्ही शिकवलात तशी." मी त्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो. त्या दिवसापासून मी माझ्या शिकवणीची बढाई बंद केली.

महिन्याभरात मुलगा त्यांना न्यायला आला. निघायच्या आदल्या सकाळी देवळात गाऱ्हाणं ठरलं. स्वतःच्या प्रवासाचं गाऱ्हाणं स्वतःच कसं घालायचं, यावर थोडा खल झाला. पण मान आबांचा, आणि दुसऱ्या कुणाला ते तसं जमणारही नव्हतं. सगळी वाडी लोटली होती. मुलगा खांबाशी हात जोडून उभा होता. आबा नारळ घेऊन पुढे झाले, डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायला सज्ज, पण वाक्य कुठे संपतंय तेच कळेना. एकाने अंदाजाने "व्हय" म्हटलं, ते मधेच पडलं. शेवटी गुरव म्हणाला, "आबानू, आमकाच आयकाक येणा नाय, तर देवाक खंयसून येतला?" आबांनी पुन्हा सुरुवात केली. शिरा ताणल्या, मान लाल झाली, पण आवाज काही वर चढेना. इतकी पक्की शिकवणी मी आयुष्यात दुसऱ्या कुणाची घेतली नसेल.

माझा अपराध होता, निस्तरायलाही मीच हवा होतो. मी आबांच्या तोंडाजवळ कान नेला आणि ते म्हणतील ते वाक्य मोठ्याने गावाला सांगू लागलो. ज्या मास्तरने जन्मभर मुलांना गप्प बसवलं, तो देवळात उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होता. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू उद्या गाव सोडून चल्ला आसा!" "व्हय म्हाराजा!" "थंय ह्येच्याकडसून कोणाक तरास होवक नये म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "झिलाचा घर, झिलाची नोकरी संभाळ म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!"

मग आबा जरा थांबले. त्यांचा हात माझ्या दंडावर आला. ते म्हणाले, "थंय माझा मन लागला नाय तर माका परत हंयच घेवन ये म्हाराजा. पण झिलाक वायट वाटूक नये."

आपल्या साखरेपासून माझ्या जावयापर्यंत सगळं जाहीर करणाऱ्या या माणसाने एवढी एकच गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. मुलगा खांबाशी उभा होता, चार हातांवर. त्याने बापासाठी कुठेकुठे खेटे घातले होते ते मला ठाऊक होतं. सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. मी ओरडलो, "ह्येचो प्रवास सुखाचो होवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

आबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते. मी बरोबरच केलं होतं, हे त्यांना कळलं होतं. पण त्यांच्या मागण्याला कुणाचा होकार पडला नव्हता, आणि तसंच ते त्यांना देवापुढून उचलून घरी न्यायचं होतं. मला ते बघवेना. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि दुसऱ्या कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालो, "व्हय म्हाराजा."

त्यांनी मान हलवली आणि नारळ गुरवाच्या हातात दिला.