बुद्धाच्या कपाळीचं कुंकू

पांढऱ्याशुभ्र कपाळावरून ओघळणारं ओलं कुंकू... मिटलेल्या पापण्यांवरून, शांत ओठांच्या कडेनं खाली. नव्वदच्या दशकातली ती सकाळ आठवली की आजही माझी मान आपोआप खाली जाते.

नाशिकबाहेर आमचा फुलांचा मळा होता. शेवंतीचा पहिला तोडा बाजारात जायच्या आधी वाटेतल्या प्रत्येक देवाला वाहायचा, अशी घरची रीत. म्हसोबा असो, मारुती असो, पाण्यातल्या आसरा असोत – आई कुणालाही वगळत नसे. डोक्यावरच्या पाटीतून दवानं भिजलेल्या फुलांचा गारकडू वास येई, कमरेला कुंकवाची पुडी असे, आणि चाल अशी, की देवच तिची वाट पाहत थांबलेत! देवाधर्मातलं काही कुणाला विचारावं, असं तिच्या मनातही येत नसे.

त्या वर्षी गंगेच्या काठी – गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो – शेजारच्या वस्तीतल्या लोकांनी करंजांच्या सावलीत एक पायवाट बांधली आणि तिच्या कडेनं बुद्धाच्या मूर्ती बसवल्या. कुणी ध्यानस्थ, कुणी अभय देणारी... तिथं पाऊल टाकलं की रस्त्याचा गलका मागे राही आणि पाण्याचा आवाज तेवढा उरे. आईनं पाटी उतरवली, तळहातावर कुंकू कालवलं आणि एकेका मूर्तीच्या कपाळी मनोभावे बोट टेकवत निघाली. मी मागून फुलं ठेवत होते.

"ताई, अहो ताई..." वाट झाडणाऱ्या, पांढऱ्या साडीतल्या एक बाई थांबल्या होत्या. "भगवंतांना कुंकू लावत नाहीत आमच्यात. फुलं वाहा हवी तेवढी."

"अगं बाई! मला काय ठाव... देव म्हणलं की कुंकू आलंच ना!"

आईनं घाईघाईनं पदर ओला करून पुसायला घेतलं, तर टिकलीएवढं कुंकू अख्ख्या चेहऱ्यावर गुलाबी पसरलं. जितकं पुसावं तितकं पसरतच गेलं. फिरायला आलेली माणसं थबकली. त्यांत माझ्या वर्गातली एक मुलगीही होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी बादली आणली, दोघींनी मिळून मूर्ती धुतल्या. "चुकलं नाही ताई, माहीत नव्हतं एवढंच," त्या म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं. आई मान वर करेना.

त्यानंतर ती लांबच्या रस्त्यानं बाजाराला जाऊ लागली. त्या बाई फुलं घ्यायला आल्या की आवर्जून म्हणत, "या की काठावर." आई चार फुलं जास्त घाली आणि विषय बदली.

पुढे कितीतरी वर्षांनी, मळ्याचे प्लॉट पडल्यावर, मीच हट्टानं तिला तिथं नेलं. करंज उंच झाले होते, पाणी पूर्वीसारखंच वाहत होतं. हातातली एकुलती एक शेवंती घेऊन आई मूर्तीपुढं नुसती उभी... मग इकडंतिकडं पाहत हळूच म्हणाली, "इथं ठिवलं तर चालंल का गं? कुणी काही म्हणणार नाय ना?"

माझी आई, देवापुढं फूल ठेवायला माझी परवानगी मागत होती. मी शरमेनं मान हलवली. तिनं वाकून फूल ठेवलं, आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.