एका ओळीचं उत्तर

"तुमची पित्तनलिका कापली गेलीय," सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. याला बाइल डक्ट इंज्युरी म्हणतात. यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळीच, पित्ताशय काढताना, कापली गेली होती.

त्या ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. डोळे पिवळे, अंगभर खाज. ते करणारे फलटणचे सर्जन रोज सांगायचे, "गॅस आहे, जाईल." मी शाळेत शिकवते, तरी कधी उलट विचारलं नाही.

सांगलीत दुसरं ऑपरेशन करून नळी आतड्याला जोडली. पोटाला ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढणारी नळी होती. तिच्या पिशवीत हिरवट काही दिसलं की मी नर्सला हाक मारायचे. परत पित्त गळतंय का?

बरी झाल्यावर मला भांडायचं नव्हतं. हे मला सांगितलं का नाही, एवढंच हवं होतं. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेकडे तक्रार केली. दीड वर्षानं एका ओळीचं पत्र आलं: तथ्य आढळत नाही, प्रकरण बंद. मला एकदाही बोलावलं नव्हतं.

थोरला भाऊ विट्याहून आला. त्यानं कागद उलटून मागची बाजू बघितली.

"सुमे, ह्यात कारण कुठं हाय?"

आम्ही हायकोर्टात गेलो. वकीलबाईंनी आधीच बजावलं, "डॉक्टर दोषी आहेत का, हे कोर्ट बघणार नाही. परिषदेनं तक्रार नीट ऐकली का, तेवढंच बघेल."

तारीख जवळ आली की मला थंडी वाजायची. कोलँजायटिस, म्हणजे पित्तनलिकेचा संसर्ग, की नुसती धास्ती? दोनदा खरंच ॲडमिट व्हावं लागलं.

न्यायमूर्तींनी तेच विचारलं, कारणं कुठे आहेत? आदेश झाला: तक्रारदार आणि डॉक्टर, दोघांनाही बोलवा, पुन्हा ऐका, कारणं लिहा.

सुनावणीत सर्जन माझ्यासमोरच बसले होते. डोळे पिवळे दिसूनही तपासणी का केली नाही, असं परिषदेच्या समितीनं विचारलं.

"मला शंका आली होती," ते म्हणाले. "बाईंना सांगायची भीती वाटली."

मला राग येईल वाटलं होतं. रडूच आलं.

नळीला झालेल्या इजेबद्दल परिषदेनं त्यांना दोषी धरलं नाही. ती लपवल्याबद्दल ताकीद दिली. भावाला ते लय थोडं वाटलं. मी मात्र कारणं लिहिलेली ती नऊ पानं दोनदा वाचली.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि एका ओळीवर थांबू नका. मला अजून अधूनमधून ताप येतो. पण डॉक्टरांना "का?" विचारताना आता माझा आवाज खाली जात नाही.