गोलातली पुढची जागा

बाळा पाष्टेवर कुणी चार ओळी लिहील असं वाटत नाही, म्हणून मी लिहितो आहे. मला लिहिण्याची सवय नाही. त्याच्या शेजारी बसून झांज वाजवण्याची मात्र आहे, आणि तिथून माणूस बराच दिसतो.

बाळा गुहागरकडचा. मिसरूड फुटायच्या आधी गिरणीत लागला, संपात गिरणी गेली. मग कुठं रखवालदारी कर, कुठं माथ्यावर ओझी वाहा, असं करत शेवटी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला टिकला. आमच्या सोसायटीत तो आला तेव्हा घरं बैठी होती आणि मधल्या चौकात गवत होतं. ते गवत त्यानंच उपटलं. का, तर जाखडी नाचवायला जागा हवी.

जाखडीत ढोलकी, झांज आणि गाणारे मधे बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती गोल फिरतात, उजव्या पायात घुंगरांचे चाळ बांधून. गणपतीत आमच्याकडे ती होतेच. आधी बाप्ये नाचायचे, मग त्यांची मुलं, आणि मुलं क्लास नि मोबाईलमध्ये अडकल्यावर बाळानं मुली घेतल्या. मुली त्याला बुवा म्हणतात. नवी मुलगी आली की हटकून विचारते, "बुवा, मी पुढं उभी राहू?"

"पुढं म्हंजे कुठं गो?" बाळा ढोलकीवरून विचारायचा. "गोलाला पुढा नसतो. ज्याच्या समोर येशील त्याच्यासाठी तू पुढं. मग सरकायचं, दुसरीला येऊ द्यायचं."

हे तो नुसतं बोलत नसे. त्याचा मुलगा सुशांत लहानपणी नाचताना पुढच्याला ढकलून मिरवायचा. बाळानं त्याला चाळ सोडायला लावून भर कार्यक्रमात बाहेर बसवलं होतं. सुशांतचे सासू-सासरे त्या दिवशी नव्हते एवढंच, नाहीतर लग्न मोडलं असतं, असं सुशांत अजून हसत सांगतो. तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

सुशांतची मुलगी श्रुतिका आणि राजेश जगदाळेची जान्हवी या दोघी एका वर्गात, सातवीत. जान्हवीचे लोक साताऱ्याकडचे, जाखडी त्यांच्या गावी कुणी पाहिलेली नाही. पण श्रुतिका नाचते म्हणून ती आली. शाळेत एकत्र, क्लासला एकत्र, एकीनं केस कापले की दुसरी रडून कापून घेणार. राजेशची बायको अनुपमा म्हणायची, "ह्यांना एकाच घरात द्यायला लागणार, दोन भाऊ शोधा."

गेल्या श्रावणात सराव चालू असताना श्रुतिकाच्या आईनं, नीलमनं, मोबाईलवर व्हिडिओ काढला. आपल्या मुलीचाच काढायचा होता. पण गोल फिरता, नीलम एका जागी उभी. श्रुतिका समोर आली तेव्हा तिचा हात केसांकडे गेलेला. तिच्यामागून जान्हवी आली ती गिरकी घेत, तोंडभर हसत, पुढचे दात थोडे बाहेर, आणि पाय असा पडला की चाळ आणि माझी झांज एकच वाजली. नीलमनं तो व्हिडिओ तसाच टाकला. आठवड्याभरात तो लाखाच्या वर लोकांनी पाहिला. सगळे एकच विचारत होते, ती हसरी कोण?

शाळेत मोठ्या वर्गातल्या मुली जान्हवीबरोबर सेल्फी काढायला लागल्या. बाजारातल्या मोबाईल कव्हरवाल्यानं तिला दुकानापुढं उभं करून फोटो काढला आणि दोन कव्हरं फुकट दिली. एक तिनं श्रुतिकाला दिलं. श्रुतिकानं ते घेतलं आणि लावलं नाही.

"माझ्याच मोबाईलनं माझ्या घरात काडी लावली," नीलम मला जिन्यात म्हणाली. "काका, जेवताना ताटाकडं बघत नाही ही. त्या पोरीला कोण काय लिहितं तेच वाचत बसते. मी म्हटलं, डिलीट करते. तर म्हणते, नको, मग सगळे म्हणतील जळली."

बाळाला रील म्हणजे काय ते माहीत नव्हतं. एका सकाळी तो माझ्याकडे आला. "सीताराम, तुझ्या मोबाईलवर दाखव रे काय ता." मी दाखवलं. पहिल्यांदा तो खूश झाला. "पोरगी तालाला सोडत नाय, बघ." पुन्हा लावायला सांगितलं. त्यात बाळाची टोपी आणि ढोलकी दिसते, माझा फक्त कोपर दिसतो. मी तसं म्हटलंही, पण त्यानं ऐकलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं मला मधेच थांबवायला सांगितलं.

"ही आमची श्रुती?"

"हो."

"एवढीच?"

"गोल आहे, बाळा. सरकली."

"ती दुसरी नाय सरकली ती?"

"तीही सरकली. पण तेवढ्यात हसली."

मी हसलो, तो हसला नाही. त्यानंतर तो रोज यायचा. चहाला आलोय म्हणायचा आणि चहा थंड होऊ द्यायचा. किती झाले, एवढंच विचारायचा. आकडा वाढला की त्याचं तोंड उतरायचं. आमच्या नाचाचं नाव होतंय, हे मी म्हणून पाहिलं. "आपल्या नाचाचं नाय," तो म्हणाला, "घाटावरच्या पोरीचं होतंय." पाष्ट्यांच्या बाळाच्या तोंडून असलं मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

मग सरावात तो जान्हवीला टोकायला लागला. "जान्हवी, पाय उशिरा पडतो." ती बिचारी खाली बघून नाचू लागली. पुन्हा, "उशिरा गो, उशिरा!" पाय उशिरा पडत नव्हता. झांज माझ्या हातात असते, मला कळतं. मी झांज थांबवली.

"तुला काय झालं?" बाळा म्हणाला.

"काही नाही. पाय कुठं उशिरा पडतो ते ऐकत होतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. ढोलकीची दोरी घट्ट होती तरी पुन्हा ओढत बसला.

तिकडं श्रुतिका घरी आजोबांच्या मागं लागली होती. तिला एकदा, फक्त एकदा, मोबाईलच्या समोर थांबायचं होतं. आणि बाळानं ते केलं. गणपतीला आठवडा उरला असताना त्यानं मुलींना सांगितलं की गवळण संपताना गोल मोडायचा, अर्धा चंद्र करायचा, तोंडं नीलमच्या मोबाईलकडे. मधोमध श्रुतिका. जान्हवी अगदी कडेला, पाण्याच्या टाकीजवळ.

जान्हवीनं विचारलं, "बुवा, गोलाला पुढा नसतो ना?"

"मला शिकव आता तू," बाळा म्हणाला.

मुलींनी अर्धा चंद्र केला. व्हिडिओ निघाला. जान्हवी कडेला उभी राहून नाचली, आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

तो व्हिडिओही नीलमनं टाकला. त्याखाली लोकांनी लिहिलं, ती हसरी कुठंय? कुणी लिहिलं, ही मधली एवढी रागावून का नाचते? वर्गातल्या कुणा मुलीनं दोघींची चित्रं शेजारी शेजारी लावली, जान्हवी हसताना आणि श्रुतिका दात दाबून, आणि ते वर्गाच्या ग्रुपवर फिरवलं. त्याखाली हसण्याचे चेहरे लागले. एक जान्हवीनंही लावला. श्रुतिका पोट दुखतं म्हणून दोन दिवस शाळेत गेली नाही. चादर डोक्यावरून घेऊन पडायची आणि चादरीत उजेड दिसायचा. आत मोबाईल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राजेश बाळाच्या दारात आला. मी तिथंच होतो. तो कारखान्यातून तसाच आला होता, हाताला काळं लागलेलं.

"पाष्टेकाका, तुम्ही मोठे हाय, तुमास्नी न्हाय बोलत. वयनींना बोलवा."

नीलम बाहेर आली. त्यानं मोबाईल पुढं केला. जान्हवीच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, 'आधी दात आत घाल, मग नाच.' वर नीलमचं नाव आणि तिचा हळदीकुंकवाचा फोटो.

"बारा वर्साची पोर हाय वयनी. आरशापुढं उभी ऱ्हाऊन वठानं दात झाकती आता. तुमाला काय मिळालं?"

"मी? दादा, आईशप्पत, मी असलं कशाला..." नीलम बोलता बोलता थांबली. दाराआड श्रुतिका उभी होती. तिनं आईचा मोबाईल घेऊन लिहिलं होतं, आणि वर आईचं नाव येणार हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

नीलमनं तिला ओढून बाहेर काढलं, हात उगारला. बाळानं तो हात धरला.

"तिला नको मारू," तो म्हणाला. "तिनं एकदा लिहिलं. मी आठवडाभर त्या पोरीला तेच बोलतोय. पाय उशिरा, पाय उशिरा."

राजेशला काही कळलं नाही. तो माझ्याकडे बघू लागला. मी मान खाली घातली.

"राजेश, मी तुझ्या घरी येतो," बाळा म्हणाला. "चप्पल घालू दे."

आम्ही तिघं चौक ओलांडून गेलो. श्रुतिकाला त्यानं बरोबर घेतलं नाही. अनुपमानं पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. जान्हवी आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं, आत चाळ वाजत होते. मोबाईल उभा करून ती एकटीच नाचत होती. आठ पावलांनंतर चाळ थांबायचे, मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पुन्हा तीच आठ. फिरायला तिथं जागा नव्हती.

"जान्हवी," बाळानं दाराबाहेरूनच हाक मारली. "तुझा पाय उशिरा पडत नव्हता. मी खोटं बोललो."

चाळ थांबले. बऱ्याच वेळानं ती दारात आली, तोंडावर हात ठेवून. "मग का बोललात?"

"तुला सगळे बघतात. माझ्या नातीला कोण बघत नाय. माझ्या पोटात दुखलं."

त्याच्या तोंडून हे इतकं सरळ आलं की अनुपमानं खुर्ची पुढं सरकवली. बाळा बसला नाही.

"येशील ना? तुझ्याशिवाय गोल पुरा होत नाय."

"येईन. पण श्रुतिकाला माझ्या जवळ नका ठेवू."

"समोर ठेवू?"

"समोर नको. मग तोंड दिसेल."

"मग गोलात कुठं ठेवू तिला, तूच सांग. तुझ्या मागं ठेवली तर ती तुझी पाठ बघत फिरेल."

जान्हवीनं विचार केला. "मागं नको. ती माझ्याकडं बघत राहील. पुढं ठेवा. मी तिची पाठ बघीन."

"तिनं माफी मागायची," अनुपमा मधेच म्हणाली.

"मागायला लावीन," बाळा म्हणाला. "पण लावून मागितलेली किती खरी, ते तुम्ही बघा."

श्रुतिकानं माफी मागितली, जिन्यात, भिंतीकडे बघत. जान्हवी म्हणाली, "ठीके." तेवढंच. उरलेला सराव दोघी न बोलता करत राहिल्या.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी चौकात जाखडी झाली. गोल पुरा होता. नीलमसकट अर्धी सोसायटी मोबाईल वर धरून उभी. गण झाला, गवळण सुरू झाली, आणि श्रुतिकाचे पाय चुकायला लागले. पुढून मोबाईल आला की ती मान वर करायची, आणि तेवढ्यात पाऊल मागं राहायचं. मागून येणाऱ्या मुलीनं आपल्या तालात पाय टाकला असता तर तिच्या टाचेवर पडला असता आणि दोघी आडव्या झाल्या असत्या. पण जान्हवी दरवेळी आपलं पाऊल आखडून घेत होती. गिरकी अर्ध्यावर सोडत होती. बाहेरून बघणाऱ्यांना ती ढिली नाचतेय असं वाटलं असणार. आम्ही मधे बसलेले होतो, म्हणून आम्हाला दिसलं. एकदा तर ती हळूच म्हणाली, "डावा, डावा." बाळाची ढोलकी किंचित हलली.

नाच संपल्यावर मुली सरबताच्या पिंपाकडे धावल्या. श्रुतिका आईचा मोबाईल घेऊन आजोबांपाशी आली. "आजोबा, बघा ना, मी मस्त दिसतेय ना?"

"दिसतेस," बाळा म्हणाला. "पाय चारदा चुकलीस. ती मागून सांभाळत होती. जा, सांग तिला."

तिचा चेहरा पडला. पायातल्या चाळांकडे बघत उभी राहिली. मग गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, बोलली की नाही तेही माहीत नाही. तिनं मोबाईल जान्हवीपुढं धरला एवढं दिसलं. दोघींची डोकी त्यात गेली.

"ई, मी कसली जाडी दिसतेय!" जान्हवी ओरडली.

"तू? मला बघ आधी."

त्या हसल्या. जान्हवीनं हसताना तोंडावर हात घेतला.

बाळा त्यांच्याकडे बघत होता. ढोलकीला खोळ घालायची सोडून तसाच बसलेला.

"बघितलंस सीताराम? पोरगी थांबली तिच्यासाठी. स्वतःचा नाच सोडून."

"हो."

"माझी थांबली नसती रे."

"थांबली असती," मी म्हटलं.

"नाय," तो म्हणाला. त्यानं खोळ चढवली, दोरी बांधली, आणि पुन्हा तिकडं बघितलं. "राजेशनं काय करून वाढवली असेल तिला? काय खायला घालतात रे ते?"

आणि मला वाटतं, तेव्हा त्याला खराखुरा हेवा वाटत होता.